चिनी वाफवलेल्या पदार्थांचे पोषणमूल्य : 'मान्तौ' ह्या शब्दाच्या अनुषंगाने

चिनी अन्नाच्या पोषणमूल्यांची जी कोष्टके आज उपलब्ध आहेत, त्यांत 'मान्तौ' ह्या नावापुढे साधारणपणे असे आकडे आढळतात : १०० ग्रॅम पदार्थामागे सुमारे २२० उष्मांक, ७ ग्रॅम प्रथिने आणि १ ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश. आधुनिक उत्तर चीनमध्ये मान्तौ म्हणजे गव्हाच्या पिठाचा, आंबवून वाफवलेला, आत काही नसलेला पांढरा गोळा. ह्या गोळ्याच्या बाबतीत हे आकडे योग्यच आहेत. अडचण उद्भवते ती इतिहासाचा अभ्यासक हेच आकडे हाती घेऊन बाराव्या शतकातील एखादा ग्रंथ उघडतो तेव्हा. तेथेही मान्तौ हाच शब्द असतो, बहुधा त्याच दोन अक्षरांत लिहिलेला. पण त्या मान्तौच्या पोटात मांस असते. नाव टिकले आणि सारण गेले. पोषणाच्या दृष्टीने ह्याहून मोठा फरक एका शब्दाच्या आत घडून येणे कठीण आहे. आणि शब्दाचा इतिहास न पाहता आहाराचा इतिहास लिहिणाऱ्यास तो दिसण्याचा संभवही कमी.

विवेचनाच्या सोयीसाठी एक गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. इंग्रजीतील 'डंपलिंग' ह्या ढोबळ शब्दाखाली जे अनेक चिनी पदार्थ एकत्र कोंबले जातात, त्यांस चिनी भाषेत एक सामान्य नाव नाही. आंबवलेल्या पिठाचा, सारण भरलेला तो बाओझ. न आंबवलेल्या पातळ पारीचा, चंद्रकोरीसारखा मुडपलेला तो जियाओझ. त्याहून पातळ पारीचा, रश्श्यात सोडलेला तो हुन्दुन. मराठीतही असे सामान्य नाव नाही, परंतु मोदकामुळे 'पारी' आणि 'सारण' हे दोन नेमके शब्द मराठीस लाभले आहेत आणि त्यांच्याइतके उपयुक्त शब्द इंग्रजीतही सापडत नाहीत. मात्र शब्द उसने घेतले म्हणून पदार्थांचा संबंध जोडण्याचे कारण नाही. उकडीचा मोदक तांदळाच्या पिठाचा आणि गोड. चिनी पदार्थ मुख्यतः गव्हाचा आणि बहुतांशी खारा. दोघांत साम्य आहे ते वाफेचे आणि पारीच्या कळ्यांचे. त्यावरून एकाचा उगम दुसऱ्यात शोधणे हा निव्वळ कल्पनाविलास होय.

गहू हे चीनचे मूळचे धान्य नव्हे. पश्चिम आशियातून ते इसवी सनापूर्वी तिसऱ्या सहस्रकात तेथे पोहोचले. उत्तरेच्या राळ्याच्या प्रदेशात ते दीर्घकाळ दुय्यमच राहिले. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. चीनची पाकपद्धती आधीच ठरून गेली होती, आणि ती वाफेची व उकळीची होती. तळाशी भोके असलेले 'झंग' नावाचे मातीचे भांडे पाण्याच्या भांड्यावर ठेवून धान्य वाफवण्याची रीत नवाश्मयुगाइतकी जुनी आहे. गहू पश्चिमेकडून आला, पण त्याच्या सोबत तेथील भट्टी रुजली नाही. राळे वा तांदूळ जसा अख्खा शिजवावा तसाच गहूही अख्खा वाफवला जाई, आणि अख्खा गहू हे कोंड्यामुळे खरखरीत, चघळावे लागणारे अन्न असल्याने ते गरिबाचे समजले जाई. फिरत्या जात्याचा प्रसार झाल्यावर ही स्थिती पालटली. इ. स. पूर्व ११३ मध्ये मरण पावलेल्या ल्यू शंग ह्या हान राजपुत्राच्या मानचंग येथील थडग्यात दगडी जाते सापडले आहे. मृताबरोबर जाते पुरण्याइतके ते तेव्हा प्रतिष्ठेचे झाले होते. एका बाजूला जुने वाफेचे भांडे, दुसऱ्या बाजूला नवे पीठ, ह्या दोहोंच्या संयोगातून पुढील सर्व पदार्थ जन्मले.

पिठाच्या ह्या सर्व नव्या पदार्थांस 'बिंग' असे एकच नाव होते. इ. स. २०० च्या सुमारास ल्यू शीने 'शिमिंग' ह्या आपल्या कोशात त्याची व्युत्पत्ती 'एकत्र करणे' ह्या अर्थाच्या समोच्चारी शब्दावरून लावली : पीठ आणि पाणी एकत्र होते म्हणून बिंग. यास्काच्या निरुक्ताशी परिचित असलेल्या वाचकास ही पद्धत परकी वाटणार नाही. आधुनिक भाषाशास्त्र ती व्युत्पत्ती म्हणून स्वीकारणार नाही, पण त्या काळच्या लोकांस ह्या पदार्थात विशेष काय वाटले ह्याचा पुरावा म्हणून तिचे मोल आहे. पीठ आंबवण्याची कलाही हान काळाच्या उत्तरार्धापर्यंत अवगत झाली होती. जिन दरबारातील हे झंग (१९९–२७८) ह्या चैनी अमात्याविषयी इतिहासकारांनी नोंदवले आहे की, वाफवलेल्या बिंगवर फुगून चौफुलीसारखी चीर पडलेली नसेल तर तो त्यास हात लावीत नसे. चीर पडणे म्हणजे पीठ पुरेसे फुगणे. तेव्हा तिसऱ्या शतकात आंबवलेला पदार्थ श्रीमंतांच्या ताटात निश्चितपणे होता. ह्या 'झंगबिंग'चे (वाफवलेल्या बिंगचे) पुढे अकराव्या शतकात 'चुईबिंग' झाले. पदार्थात काही पालट झाला म्हणून नव्हे, तर सुंग सम्राट रन्झोंग ह्याच्या व्यक्तिनामाशी 'झंग' ह्या उच्चाराचे साम्य होते आणि राजाचे नाव उच्चारणे निषिद्ध होते म्हणून. पदार्थ तोच असून नाव बदलल्याचे हे उदाहरण ध्यानात ठेवावे. मान्तौचे उदाहरण ह्याच्या नेमके उलट आहे.

मान्तौचा सर्वांत जुना भरवशाचा उल्लेख शू शी (सु. २६३–३०२) ह्याच्या बिंगवरील काव्यात्म गद्यरचनेत येतो. ही रचना आहाराच्या इतिहासकारास अमोल आहे, कारण तिचा कर्ता केवळ स्तुती करीत नाही, तर ऋतू, सामग्री आणि कृती सांगतो. बिंग प्राचीनांस ठाऊक नव्हते. त्याचे काही प्रकार गल्लीबोळांत जन्मले, काही परक्या लोकांच्या रीतींतून आले, असे तो मोकळेपणाने मान्य करतो. प्रत्येक गोष्टीचे मूळ प्राचीन ऋषिराजांपर्यंत नेऊन भिडवण्याची जेथे परंपरा होती तेथे हा प्रामाणिकपणा विरळा म्हटला पाहिजे. वसंतारंभीच्या मेजवानीस तो मान्तौ योग्य ठरवतो, आणि बारमाही चालणारा पदार्थ म्हणून 'लाओवान' नावाच्या सारणभरल्या गोळ्यांची निवड करतो. त्या गोळ्यांच्या सारणात बोकडाचे वा मेंढीचे खांद्याचे मांस व डुकराच्या बरगडीचे मांस असावे, चरबी व मांस निम्मेनिम्मे असावे, ते बारीक चिरून त्यात आले, कांद्याची पात, दालचिनी, मिरी, मीठ व आंबवलेल्या काळ्या सोयाबीनचा अर्क घालावा, असे तपशील येतात. पारी इतकी पातळ की आतील सारण बाहेरून जाणवावे. मग भांड्याखाली जाळ, उसळते पाणी, आणि वाफेवर फुगणारे गोळे.

चरबी आणि मांस निम्मेनिम्मे ही नोंद पाकशास्त्रीय आहे तशीच पोषणशास्त्रीय आहे. चरबीविरहित मांसाचे सारण वाफेवर घट्ट व कोरडे होते हे स्वयंपाक करणारा कोणीही सांगेल. पण त्याचबरोबर असा गोळा उष्मांकांच्या दृष्टीने साध्या पिठाच्या गोळ्यापेक्षा बराच भारी होतो, कारण स्निग्ध पदार्थाचे उष्मांक पिष्टाच्या दुपटीहून अधिक असतात. शू शीने लाओवानची शिफारस केली ती वर्षाच्या सर्व ऋतूंसाठी. 'पौष्टिक' ह्या शब्दाचा त्या काळचा अर्थ हाच होता. उष्मांक अधिक असणे हा दोष ठरण्यास माणसाला विसाव्या शतकापर्यंत थांबावे लागले.

पोषणाच्या संदर्भात दोन दंतकथांचा परामर्श येथे आवश्यक आहे, कारण त्या आजही इतिहास म्हणून सांगितल्या जातात. पहिलीनुसार जियाओझचा जनक म्हणजे हान काळातील थोर वैद्य झांग झोंगजिंग. थंडीने कान गारठलेल्या गरिबांस त्याने बोकडाचे मांस आणि उष्ण औषधे कानाच्या आकाराच्या पारीत भरून दिली, असे ही कथा सांगते. जियाओझ थंडीत का खावा ह्याचे उत्तर म्हणून ती सुंदर आहे. पदार्थाच्या उगमाचा पुरावा म्हणून तिला आधार नाही. दुसरी कथा मान्तौची. इ. स. २२५ च्या दक्षिणेकडील स्वारीत झूग लियांगने नदीच्या देवतेस नरमुंडांऐवजी मांस भरलेले पिठाचे मुंड अर्पण केले, म्हणून 'मान-तौ' म्हणजे 'रानटी लोकांचे मस्तक'. ही कथा सुंग काळात गाओ चंगने वस्तूंच्या उगमावरील आपल्या ग्रंथात नोंदवली, म्हणजे कथित घटनेनंतर आठ शतकांनी. शू शी ज्या अक्षराने 'मान' लिहितो ते 'रानटी' ह्या अर्थाचे नाहीच. ध्वनिसाम्यावरून रचलेली ही लोकव्युत्पत्ती आहे. तथापि तिच्यातून एक गोष्ट निर्विवादपणे सिद्ध होते : ज्या काळी ही कथा रचली व सांगितली गेली, त्या काळी मान्तौमध्ये मांस असणे गृहीत होते. मांस नसलेल्या गोळ्याविषयी ही कथा सुचलीच नसती.

सुंग राजधानी बियानलियांग, म्हणजे आजचे कायफंग, हिच्या आठवणी मंग युआनलाओने ११४७ मध्ये लिहून काढल्या तेव्हा ती नगरी जुर्चेनांच्या हाती जाऊन वीस वर्षे लोटली होती. त्याच्या स्मृतीत दुकानांची नावे खाद्यपदार्थांसकट टिकून आहेत. एका घराण्याचे मान्तौ, दुसऱ्या मजलेदार उपाहारगृहाचे बाओझ अशा नोंदी तो करतो. 'बाओझ' हा शब्द ह्याच काळात रूढ होताना दिसतो. त्याचा धात्वर्थ 'गुंडाळणे' असा स्वच्छ आहे, आणि भाषिक दृष्टीने पुढील घडामोडींचे बीज येथेच आहे. एका पदार्थासाठी दोन नावे बाजारात आली की भाषा ती दोन्ही फार काळ समानार्थी ठेवीत नाही. एकाच्या वाट्याला काही अर्थ जातो, दुसऱ्याच्या वाट्याला उरलेला. ११२७ नंतर उत्तरेचे असंख्य लोक दक्षिणेत हांगझोऊकडे लोटले आणि त्यांच्या पिठाच्या हव्यासापायी भाताच्या प्रदेशात गव्हाचा भाव चढला, अशी समकालीन साक्ष आहे. त्यांनी नेलेला मान्तौ हा शब्द सारणासकट दक्षिणेत गेला. यांगत्सेच्या मुखाकडील वू बोलीच्या प्रदेशात तो अद्याप तसाच आहे : शांघायमध्ये जुना माणूस मांसाच्या बाओझला आजही मांसाचा मान्तौ म्हणतो.

ह्या काळातील मान्तौचा सर्वांत स्पष्ट पुरावा मात्र मंगोल दरबारातून येतो. युआन सम्राटाचा आहारवैद्य हू स्सुहुई ह्याने १३३० मध्ये 'यिनशान झंगयाओ' हा आहारशास्त्रावरील ग्रंथ सादर केला. आहारवैद्य हे पद चिनी परंपरेत नवे नव्हते. 'झोउली' ह्या प्राचीन ग्रंथातील राजसेवकांच्या यादीत अन्नाच्या वैद्यांचा स्वतंत्र निर्देश आहे. हू स्सुहुईच्या ग्रंथात मान्तौच्या अनेक कृती येतात. बहुतेकांत मेंढीचे मांस, मेंढीची चरबी, कांद्याची पात आणि वाळवलेली संत्र्याची साल हे सारण आहे. त्यांतील एक कृती विशेष लक्षणीय आहे. वांग्यातील गर काढावा, त्यात मेंढीचे मांस, चरबी व शेपटीची चरबी हे सारण भरावे, ते वाफवावे आणि वर लसूण घातलेले दही व कोथिंबीर घालून खावे. ह्या पदार्थाचे नाव 'वांग्याचे मान्तौ'. ह्यात पीठ कोठेच नाही. पारीचे काम वांगे करते. म्हणजे चौदाव्या शतकात ह्या शब्दाचा गाभा पीठ नव्हता, फुगणे नव्हते. तो गाभा 'सारण भरून वाफवलेले' हा होता. आजच्या उत्तर चिनी माणसास मान्तौमधून पीठ वजा केले तर काहीच उरत नाही; हू स्सुहुईला मात्र एक अख्खा पदार्थ उरत होता.

हा अर्थ शब्दाबरोबर परदेशी गेला, आणि तेथे तो जतन झाला. मध्य आशियात व तुर्कस्तानात 'मान्ती' म्हणजे मांसाचे सारण भरलेला पदार्थ; तुर्कस्तानात तो लसणीच्या दह्यासह खातात हे वाचून हू स्सुहुईचे वांगे आठवल्यावाचून राहत नाही. शब्द चिनीतून तुर्की भाषांत गेला की उलट, ह्याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. पण दोन्हीकडील सारणाविषयी मतभेद नाही. कोरियातील 'मान्दू' सारणभरलाच आहे. जपानात चौदाव्या शतकात झेन मठांच्या संबंधातून 'मान्जू' गेला. भिक्षूंस मांस वर्ज्य असल्यामुळे मांसाची जागा लाल चवळीसारख्या आझुकी कडधान्याच्या गोड पुरणाने घेतली. सारण बदलले, पण ते नाहीसे झाले नाही. ज्या भाषेने हा शब्द जगास दिला, तिच्याच उत्तरेकडील बोलींत तो रिकामा झाला. शू कने छिंग काळातील किस्से व चालीरीतींचा मोठा संग्रह केला, त्यात मान्तौ म्हणजे सारण नसलेला, तोंडीलावण्याबरोबर खाण्याचा पदार्थ असे स्पष्टीकरण येते. सारणाचा अर्थ एव्हाना 'बाओझ'ने घेतला होता.

पोषणशास्त्राच्या भाषेत ह्या विभागणीचा अर्थ पुढीलप्रमाणे आहे. गव्हाच्या पिठात प्रथिने अल्प नसतात. पण त्या प्रथिनांत लायसीन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल कमी असते, प्रौढाच्या गरजेच्या प्रमाणात पाहिल्यास निम्म्याहून थोडे अधिक. त्यामुळे रिकाम्या मान्तौतील ७ ग्रॅम प्रथिनांपैकी शरीरबांधणीस पूर्णपणे उपयोगी पडतो तो काही अंशच. थोडे मांस ही उणीव भरून काढते, आणि ते थोडेच पुरते. सारणभरल्या पदार्थाचे खरे वैशिष्ट्य येथे आहे : तो मांसाचा पदार्थ नव्हे, तर पुष्कळ धान्यात थोडे मांस वाटून टाकण्याची युक्ती आहे. जपानी भिक्षूंनी मांसाऐवजी कडधान्य घातले तरी लायसीनचा हिशेब बऱ्याच अंशी जुळतो, कारण कडधान्यात ते मुबलक असते. वरणभात आणि भाकरी-आमटी खाणाऱ्या मराठी वाचकास हे गणित नव्याने समजावून सांगावे लागू नये.

दुसरा मुद्दा ब१ जीवनसत्त्वाचा. जाते जसजसे बारीक आणि चाळण जसजशी दाट झाली तसतसे पीठ पांढरे झाले आणि कोंडा व अंकुर यांबरोबर हे जीवनसत्त्व बाहेर पडले. त्यात आंबवण्याच्या पारंपरिक पद्धतीने भर घातली. जुन्या पिठाचे विरजण लावून फुगवलेली कणीक आंबट होते. तो आंबटपणा मारण्यासाठी उत्तरेत तीत सोड्यासारखा क्षार मिसळतात. ब१ क्षारात टिकत नाही. ह्याच्या उलट आंबवण्याने एक लाभही होतो : पिठातील फायटिक आम्ल घटते व लोह आणि जस्त शरीरास अधिक सुलभ होतात. डुकराचे मांस हे सामान्य मांसांत ब१ जीवनसत्त्वाने सर्वांत समृद्ध असून मेंढीचे त्यामानाने फारच दरिद्री आहे. तेव्हा क्षारामुळे पारीने जे गमावले ते डुकराच्या सारणाने भरून निघते. मंगोल दरबाराच्या मेंढीच्या मान्तौत मात्र ते तितकेसे भरून निघत नाही. सारण आहे की नाही एवढे विचारून भागत नाही, कोणते आहे हेही विचारावे लागते.

वाफेचा गुण बहुधा अतिशयोक्तीने सांगितला जातो. वाफवताना तेल लागत नाही, पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे पाण्यात जात नाहीत, भट्टीतील पावाच्या भाजक्या कवचात लायसीनचा जो नाश होतो तो येथे टळतो. हे सर्व खरे. पण सारणात निम्मी चरबी असेल तर बाहेरून तेल न लावल्याचे कौतुक किती करावे? कोबीस मीठ लावून तो पिळून सारणात घालण्याच्या रीतीत क जीवनसत्त्वाचा मोठा भाग चुलीवर चढण्यापूर्वीच पिळून निघतो. जियाओझ वाफवण्याऐवजी बहुधा उकळतात, आणि मग ते उकळीचे पाणी प्यावे असा उत्तरेत प्रघात आहे. पाण्यात उतरलेली जीवनसत्त्वे त्यामुळे काही अंशी पुन्हा पोटात जातात. शांघायनजीकच्या नानशियांगचे नाव ज्यास चिकटले त्या रसभरल्या लहान बाओझमधील रस म्हणजे डुकराच्या कातडीचा गोठवलेला आणि वाफेने वितळलेला अर्क होय. त्यातील जिलेटिन प्रथिन असले तरी त्यात ट्रिप्टोफेन नसते. रसाच्या दाटपणावरून पौष्टिकतेचा निष्कर्ष काढणे फसवे ठरते. कँटनच्या चहागृहांतील कोळंबीच्या पारदर्शक पुरचुंड्यांचे पीठ तर गव्हातील चिकट प्रथिन धुऊन काढल्यावर उरलेल्या पिष्टाचे असते. डोळ्यांस सर्वांत नाजूक दिसणारी पारी पोषणाच्या दृष्टीने सर्वांत पोकळ असावी हा योगायोग नव्हे. पारदर्शकता त्या प्रथिनाच्या अभावातूनच येते.

हे सर्व कोणाच्या ताटात होते, हा प्रश्न उरतो. ग्रंथांत दरबार आणि राजधानीच अधिक बोलतात. जे. एल. बक ह्यांच्या नेतृत्वाखाली १९२९ ते १९३३ ह्या काळात २२ प्रांतांतील १६८ ठिकाणच्या १६,७८६ शेतांची पाहणी झाली आणि ती १९३७ मध्ये प्रसिद्ध झाली; शेतकऱ्याच्या आहारातील उष्मांकांत प्राणिज पदार्थांचा वाटा अत्यल्प असल्याचे तीतून दिसून आले. उत्तरेत राळे, ज्वारीसारखी धान्ये आणि रताळी ही रोजची. गव्हाचे पांढरे पीठ सणाचे, आणि मांस भरलेला जियाओझ नववर्षाचा. १९५५ पासून १९९३ पर्यंत शहरांत धान्यासाठी शिधापत्रके होती, आणि त्या व्यवस्थेतही 'जाडे धान्य' व 'बारीक धान्य' असा भेद पाळला जाई. गव्हाचे पीठ बारीक धान्यात मोडे. त्या काळी लहानाची मोठी झालेली पिढी पांढऱ्या मान्तौस सुबत्तेची खूण मानी; पुढे पोषणतज्ज्ञ मक्याच्या व कोंडायुक्त पिठाची शिफारस करू लागले तेव्हा तिला ते नवलाचे वाटले असल्यास त्यात नवल नाही.

भारतात ह्या कुटुंबाचा जो सदस्य आज सर्वपरिचित आहे तो मोमो. १९५९ नंतर आलेल्या तिबेटी निर्वासितांबरोबर तो हिमालयाच्या पायथ्यापासून दिल्लीपर्यंत पसरला आणि पुढे मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवरही आला. त्याच्या नावाचा संबंध वायव्य चीनच्या बोलींतील 'मोमो' ह्या शब्दाशी जोडला जातो. तेथे त्याचा अर्थ सारण नसलेला पिठाचा गोळा असा आहे. तसे असल्यास मान्तौचाच प्रवास येथे उलट दिशेने झाला : उगमस्थानी रिकामा असलेला शब्द डोंगर ओलांडताना भरला गेला. आपल्याकडील गाडीवर त्याची पारी मैद्याची आणि सारण कित्येकदा केवळ कोबी-गाजराचे असते. लायसीनच्या हिशेबात असा मोमो बाओझच्या नव्हे, उत्तरेच्या मान्तौच्या शेजारी बसतो.

चिनी पोषणकोष्टकांत मान्तौ आणि बाओझ ह्यांच्या स्वतंत्र ओळी असतात, आणि ती विभागणी उत्तरेच्या प्रमाणभाषेस अनुसरून केलेली असते. मंग युआनलाओच्या कायफंगमधील मान्तौचे मूल्य काढावयाचे असेल तर अभ्यासकाने बाओझची ओळ पाहिली पाहिजे. शांघायच्या गिऱ्हाइकाने मागितलेल्या मांसाच्या मान्तौचेही तसेच. हू स्सुहुईच्या वांग्यासाठी मात्र कोष्टकात ओळ नाही. तेथे वांगे, मेंढीचे मांस, चरबी आणि दही ह्यांची बेरीज स्वतंत्रपणेच करावी लागते.